हिरोशिमावरचा वादविवाद: मुलांची तयारी कशी करून घ्यावी

गणपतीत आमच्या रामबागेत वादविवाद ठेवतात. ‘युद्धात अण्वस्त्र वापरणं नैतिक आहे का?’ असा विषय आला की मुलं पहिल्याच वाक्याला विश्वशांतीवर घसरतात. विशेषणं नंतर, आधी तारखा पाठ करून घ्या.

वहीत एकाखाली एक लिहायला सांगा: २५ जुलै १९४५, जपानवर अणुबॉम्ब टाकायचा अमेरिकेचा लेखी आदेश. ६ ऑगस्ट, हिरोशिमा. ८ ऑगस्ट, रशियाची जपानविरुद्ध युद्धघोषणा. ९ ऑगस्ट, नागासाकी. १५ ऑगस्ट, शरणागतीचं सम्राटाचं रेडिओ भाषण.

आता हिरोशिमा आणि नागासाकी वेगवेगळे काढा. खरी मेहनत इथेच आहे. हिरोशिमाला समर्थनाची बाजू बरीच तग धरते: तिथे लष्कराचं मोठं मुख्यालय होतं, युद्ध लांबतं तर दोन्हीकडची माणसं मरत राहिली असती. नागासाकीला मात्र तिची दमछाक होते. पुढचे बॉम्ब ‘तयार होतील तसे’ टाकायची मुभा २५ जुलैच्या आदेशातच होती. मधे थांबून कुणी नव्याने विचार केला नाही. त्यातही ९ ऑगस्टचं पहिलं लक्ष्य कोकुरा हे दुसरंच शहर होतं. खालचं नीट दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. कोण मरणार हे हवेने ठरवलं, मग ‘नाइलाज होता’ हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? समर्थकाला याचं उत्तर देता आलंच पाहिजे.

विरोधकांनाही सोडू नका. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने एका रात्रीत टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकून सुमारे १ लाख माणसं मारली. त्यावर गप्प आणि अणुबॉम्ब तेवढा पाप, हे चालणार नाही.

अणुबॉम्बऐवजी जपानवर सैन्य उतरवलं असतं तर ‘दहा लाख अमेरिकन मेले असते’ हे वाक्य हमखास येतं. कोण म्हणालं, कधी, हे लगेच विचारायला शिकवा. अमेरिकेचे युद्धमंत्री राहिलेल्या स्टिमसन यांनी १९४७ सालच्या लेखात दहा लाखांवर आकडा दिला, पण तो मृत आणि जखमी मिळून.

आठवीतला एक म्हणाला, ‘काकू, पण पर्ल हार्बर पहिले त्यांनीच केलं ना?’ केलं, तिथे जपानने अमेरिकेवर आधी हल्ला केला. पण तो नौदलाचा तळ होता, आणि परतफेड म्हणजे समर्थन नव्हे. गल्लीतली भांडणं ‘शुरू कुणी केलं’वर मिटतात, परीक्षक गुण देत नाहीत.

भारताबद्दल एकच मुद्दा ठेवा: पहिला वापर करणार नाही, हे २००३ साली जाहीर झालेलं धोरण. मग प्रत्युत्तरात वापरणं नैतिक कसं? यावर प्रत्येकाकडून तीन मिनिटं बोलवून घ्या, लगेच बाजू बदलून पुन्हा तीन मिनिटं.