संमतीपत्रावर सही घेताना: फिजिशियन असिस्टंटच्या विद्यार्थ्यांसाठी

सर्जरीच्या पोस्टिंगला लागलात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी फाइल हातात देऊन म्हणतं, "बेड नंबर सातची कन्सेंट घेऊन ये." वाटतं तेवढं हे काम साधं नाही. फॉर्म भरून ठेवणं, रुग्णाला काय समजलंय ते तपासणं, साक्षीदार बोलावणं हे तुमचं काम. ऑपरेशन का, त्यात धोका काय आणि दुसरा पर्याय कोणता, हे मात्र ऑपरेशन करणाऱ्या सर्जननं किंवा त्यांच्या टीममधल्या डॉक्टरनंच सांगायचं. तुम्ही फक्त पोस्टमन नाही. सर्जनकडून सांगायचं राहून गेलेलं पकडणारे शेवटचे तुम्हीच असता.

बेडजवळ गेल्यावर आधी ओळख द्या: "मी डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण घेतोय. तुमच्याशी बोललं तर चालेल का?" पांढरा कोट दिसला की आजीबाई "डॉक्टरसाहेब" म्हणणारच. दरवेळी दुरुस्त करा, कंटाळू नका. तुम्हाला डॉक्टर समजून केलेल्या सहीवर पुढे प्रश्न उभा राहतो. विद्यार्थी नको म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे. तसं कुणी म्हटलं तर वाईट वाटून न घेता सिस्टरना सांगून बाजूला व्हा.

मग फाइल आणि मनगटावरचा पट्टा जुळवा: नाव, नोंदणी क्रमांक, ऑपरेशनची बाजू. गुंगीचं औषध, उदाहरणार्थ मिडाझोलाम, दिलेलं असेल तर सही घेऊ नका, सर्जनना कळवा. ट्रॉलीवर, ऑपरेशन थिएटरच्या दारात घेतलेली सहीही कच्ची ठरू शकते.

"समजलं ना?" असं कधी विचारू नका. उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर शेजारचे विचारतील काय ऑपरेशन केलं, तर काय सांगाल?" समजा पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. रुग्ण म्हणाला, "खडे काढणार", तर थांबा. खडे नाही, पूर्ण पित्ताशयच काढणार आहेत, हे त्याला कळलेलंच नाही. अडचण आली तर पोट उघडावं लागू शकतं, हेही त्याच्या तोंडून यायला हवं. आलं नाही तर स्वतः समजावत बसू नका, सर्जनना परत बोलवा. पाच मिनिटांचा खोळंबा होतो, ओरडाही बसेल. पण "डॉक्टर म्हणतील तसं" एवढंच उत्तर आलं तर ती संमती नव्हे.

ठरल्यापेक्षा वेगळं काही करायचं तर रुग्णाची स्वतःची संमती का गरजेची, ते समीरा कोहली खटल्यात दिसतं. दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिलेल्या महिलेचं गर्भाशय आणि बीजांडकोश ती भुलीखाली असताना काढले गेले. संमती घेतली होती तिच्या आईची. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर येणारी असेल, जीव धोक्यात नसेल, तर नातेवाईक तिच्या वतीनं होकार देऊ शकत नाहीत. नवऱ्याच्या सहीशिवाय ऑपरेशन होत नाही, हा समज वॉर्डात आजही भेटतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरते.

भाषेचं भान ठेवा. सोलापुरात कन्नड किंवा तेलुगू, खानदेशात अहिराणी, तांड्यावरून आलेल्यांची गोरमाटी. मराठी फॉर्म वाचून दाखवला म्हणजे झालं नाही. शक्यतो घरचा माणूस दुभाष्या नको, कर्मचारी घ्या. घरचे नको ते गाळतात. दुभाष्याचं नाव आणि सही फॉर्मवर हवी. अंगठा असेल तर कोणत्या हाताचा ते लिहा. साक्षीदाराची सही त्याच वेळी, समोर.

कोऱ्या जागा ठेवून सही घेऊ नका, "नंतर भरतो" हे तर नकोच. खाडाखोड व्हाइटनरनं नाही: एक रेघ मारा, जुना मजकूर वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख, वेळ. भूल आणि रक्त चढवणं यांची संमती वेगळी घ्यायची असते. एचआयव्ही तपासणीलाही 2017 च्या कायद्याप्रमाणे समजावून घेतलेली संमती लागते, आणि निकाल फाइलच्या कव्हरवर लाल पेननं लिहायचा नसतो.

सगळ्यात अवघड प्रसंग: मुलगा दाराबाहेर गाठतो, "आईला कॅन्सर आहे हे सांगू नका, ती खचेल." तिथे होकारही देऊ नका, वादही घालू नका. कसली भीती वाटते ते विचारा आणि सांगा, "मी स्वतःहून काही बोलणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही. डॉक्टरांना कळवतो." लगेच सीनियरला कळवा. मग आईंना किती जाणून घ्यायचंय, हे डॉक्टर त्यांनाच विचारतील. आजाराचं नाव लपवून घेतलेल्या संमतीवर केमोथेरपी सुरू झाली, की पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागल्यावर आई तुम्हालाच विचारते, "मला नक्की झालंय काय?"