मावळत्या महापौरांच्या कामाचा हिशेब नागरिकांनी कसा मांडावा

महापौरांची मुदत संपत आली की सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात, वाचनालयात एकच वाद रंगतो: यांनी शहरासाठी केलं काय? वाद जरूर घालावा. पण बहुतेक वेळा तो खड्ड्यांपासून सुरू होतो, पक्षावर येऊन संपतो आणि महापौरांचा हिशेब राहूनच जातो. तो नीट मांडायचा तर महिना-दीड महिना आधी तयारीला लागावं, कारण कागद हातात यायलाच तेवढा वेळ जातो.

आधी खुर्ची ओळखा

महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, मुदत अडीच वर्षांची. प्रशासन चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. तिजोरीच्या चाव्या बऱ्याच अंशी स्थायी समितीकडे. मुंबई सोडून इतर महापालिकांत ती सोळा जणांची असते आणि मोठ्या रकमेच्या निविदा तिथेच मंजूर होतात. महापौर सर्वसाधारण सभा चालवतात. सभा कधी बोलवायची, कशावर चर्चा होऊ द्यायची, कधी तहकूब करायची हे त्यांच्या हातात, आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मतही त्यांचंच. इंदूर-भोपाळचे मराठी नातेवाईक वादात उतरले तर त्यांना हा फरक आधी सांगावा: मध्य प्रदेशात महापौर थेट जनतेतून निवडून येतो आणि त्याच्या हाताखाली महापौर परिषद असते.

म्हणून कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: महापौर व सभा, स्थायी समिती, आयुक्त व राज्य सरकार. चर्चेला येणारा प्रत्येक मुद्दा आधी यातल्या एका रकान्यात बसवा. खड्डा बुजला नाही, हा तिसरा रकाना. खड्ड्यांवर सभेत वर्षभर चर्चाच लागली नाही, हा पहिला.

मुदत नेमकी किती, ते तपासा

अडीच वर्षं कागदावर असतात. पुण्यात २०१२ ते २०१७ या पाच वर्षांत चार महापौर झाले. कोल्हापुरात तर पक्षांतर्गत वाटणीनुसार काही महिन्यांत राजीनामा देण्याची रीतच पडली होती. आठ-दहा महिन्यांच्या महापौराला उड्डाणपुलाचं श्रेय किंवा दोष देऊन काही हाती लागत नाही.

आर्थिक वर्ष आणि मुदत जुळत नाहीत, तिथे सर्वाधिक घोळ होतो. मुंबईत किशोरी पेडणेकर आणि पुण्यात मुरलीधर मोहोळ नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर झाले. तेव्हा २०१९-२० चं अंदाजपत्रक निम्म्याहून जास्त सरलेलं होतं. त्यांच्या काळातलं पहिलं पूर्ण अंदाजपत्रक २०२०-२१ चं, आणि ते लागू होण्याआधीच टाळेबंदी आली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक बसले, म्हणजे २०२२-२३ चा खर्च प्रशासकांच्या राजवटीतला. प्रशासकाच्या काळात सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे जातात, तेव्हा त्या काळातलं कुठलंच काम मागच्या महापौरांच्या नावावर टाकू नये, चांगलंही आणि वाईटही.

इतिवृत्त वाचा

खरा माल इथे आहे. नगरसचिव कार्यालयातून (मुंबईत चिटणीस खातं) प्रत्येक सभेची कार्यपत्रिका आणि इतिवृत्त मागा. संकेतस्थळावर असतील तर उत्तम, पण मधले महिने हमखास गायब असतात. आधी महिनावार यादी करून कोणते नाहीत ते पाहा. दर महिन्याला किमान एक साधारण सभा व्हायलाच हवी, म्हणजे सलग मुदतीत तीसच्या आसपास इतिवृत्तं निघाली पाहिजेत.

वाचताना प्रत्येक विषयापुढचा शेरा टिपा. ‘उपसूचनेसह मंजूर’ असेल तर उपसूचना शब्दन्‌शब्द वाचा. मूळ प्रस्ताव एका रस्त्याचा आणि उपसूचनेत आणखी चार रस्ते, असं होतं. ‘फेरसादर’ म्हणजे प्रशासनाकडे परत. ‘दप्तरी दाखल’ म्हणजे विषय संपला. ‘तहकूब’ दिसलं की तो विषय पुढच्या सभांमध्ये शोधत जा आणि किती महिने लोंबकळला ते लिहा. आयत्या वेळचे विषय वेगळे मोजा: ते कार्यपत्रिकेत नसतात, त्यामुळे नागरिकांना आधी कळतच नाहीत. अशा विषयांना वाट करून देणं किंवा अडवणं सभाध्यक्षांच्या हातचं असतं, म्हणून ही संख्या थेट महापौरांच्या रकान्यात जाते.

सभा किती वेळ चालली हेही पाहा. श्रद्धांजली वाहून सभा तहकूब, गणसंख्येअभावी तहकूब, पुन्हा तहकूब. कार्यपत्रिकेवर साठ विषय आणि प्रत्यक्ष कामकाज वीस मिनिटं. महापौरांच्या कारभाराची याहून चांगली मोजपट्टी नाही, असं आमचं ठाम मत आहे. ठराव झाला तरी काम संपत नाही: राज्य सरकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. तसं झालं असेल तर दोष देण्याआधी त्या आदेशातलं कारण वाचा.

अंदाजपत्रकातला योग्य रकाना

लोक घोषणेचा आकडा घेऊन भांडतात. घ्यायचा आकडा प्रत्यक्ष खर्चाचा, आणि तो त्याच वर्षाच्या पुस्तकात नसतो. २०२०-२१ चा प्रत्यक्ष खर्च पाहायला २०२२-२३ चं पुस्तक उघडावं लागतं. मधल्या वर्षाच्या पुस्तकात फक्त सुधारित अंदाज सापडतो. मूळ तरतूद, सुधारित तरतूद, प्रत्यक्ष खर्च, असे तीन आकडे शेजारी लिहिले की निम्मा वाद मिटतो. एखाद्या कामाची तरतूद मध्येच कमी झाली असेल तर वर्गीकरणाचे ठराव तपासा. पैसा कुठून कुठे वळवला ते तिथे कळतं.

जुन्या महापौरांशी उत्पन्नाची तुलना करताना सावध राहा. मुंबईची जकात १ जुलै २०१७ पासून जीएसटीमुळे बंद झाली आणि तिच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. त्याआधीच्या आणि नंतरच्या वसुलीचे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवू नयेत.

माहिती अधिकाराचा अर्ज

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. राज्याच्या नियमांत ही मर्यादा आहे, आणि तीन विषय एका अर्जात कोंबले की अर्ज अडकलाच म्हणून समजा. ‘महापौरांनी काय काम केलं याची माहिती द्यावी’ असं लिहिलं तर उत्तर येतं, माहिती उपलब्ध नाही. मजकूर असा ठेवा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या सर्वसाधारण सभांनी तहकूब केलेल्या विषयांचे विषय क्रमांक, सभेची तारीख आणि अंतिम निर्णय असलेल्या इतिवृत्ताच्या पानांचे अवलोकन करायचे आहे.’ छायाप्रती दोन रुपये पान पडतात, आणि इतिवृत्तं शेकडो पानांची. आधी अवलोकन, मग हवी तेवढीच पानं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

नागरिकांची प्रत्यक्ष सभा

दोन तास, चार विषय, जास्त नाही. पाणी, कचरा, रस्ते यातले दोन आणि महापालिका सभेचं कामकाज हा एक विषय ठेवाच, चौथा प्रभागातला. सुरुवात महापालिका सभेच्या कामकाजापासून करा. पाण्यापासून केली तर पुढचे तीन विषय होत नाहीत.

तिघांना कामं वाटून द्या: एक वेळ पाहणारा, एक कागद काढून देणारा, एक लिहून घेणारा. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. विधान करताना ठराव क्रमांक, तारीख किंवा आकडा सांगायचा. नसेल तर ‘हा माझा अनुभव’ म्हणून सांगायचं. लिहिणाऱ्याने दोन्ही वेगळ्या पानांवर घ्यावं. अनुभव कमी मोलाचा म्हणून असं करायचं नाही, नळाला पाणी किती वाजता येतं हे इतिवृत्तात कधीच सापडत नाही. पण दोन्ही एकत्र झाले की कागदाला कागद भिडत नाही आणि आवाज चढतात.

महापौरांना बोलवायचं असेल तर प्रश्न आठ दिवस आधी लेखी पाठवा. विरोधी पक्षनेत्यांनाही तेच प्रश्न, त्याच दिवशी. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत; सगळ्यांनी एकाच गोलात बसावं. निवडणूक जाहीर झाली असेल तर पदाधिकाऱ्यांना बोलावूच नये, सभेची प्रचारसभा व्हायला दहा मिनिटं पुरतात.

शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा आणि त्यात एकमत शोधत बसू नका. प्रत्येक विषयावर दोन ओळी पुरेत: कशावर कागद सापडला, कशावर मतभेद राहिले. सोबत तहकूब राहिलेल्या विषयांची यादी जोडा, विषय क्रमांकासह. ती नव्या महापौरांना आणि प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या, आणि तीन महिन्यांनी त्याच क्रमांकांवर काय झालं ते नगरसचिवांकडे विचारा.