गुलाबी बोंडअळी पाहायची तर बोंड फोडा, तेही काळ्या घमेल्यात

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची अडचण अशी की बोंड बाहेरून हिरवंगार, टणक दिसतं आणि वेचणीला हात घालावा तर आत कवडी कापूस, म्हणजे नीट न फुटलेला, डागाळलेला. पानांकडे बघून फवारणी ठरवण्यात अर्थ नाही.

पात्या (कळ्या) आणि फुलांच्या वेळी डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या की लगेच तोडून नष्ट करायच्या, तो भाग सोपा. बोंडं धरली की दर आठवड्याला एवढं करा:

१. बांधाकडची झाडं सोडून एकरात नागमोडी फिरा. वेगवेगळ्या झाडांवरची मध्यम वाढीची, हिरवी २० बोंडं तोडा. किडलेलीच निवडू नका, छान दिसणारीही घ्या.

२. एकेक बोंड काळ्या रबरी घमेल्यात फोडा. मी आधी पांढऱ्या गोणीवर फोडायचो. लहान अळी पांढुरकीच असते, डोकं तेवढं तपकिरी. सरकीजवळच्या ओल्या धाग्यांत ती हरवून जायची. काळ्यावर वळवळली की दिसते. सालीच्या आतल्या बाजूलाही बघा, तिथे बारीक फोडासारखा उंचवटा असला तर अळी शिरल्याची खूण.

३. २० पैकी २ बोंडांत जिवंत अळी असली तर फवारणीची वेळ आली. एकही नसेल तर पंप घरीच राहू द्या.

आमच्या जळगाव-चोपड्याकडे बागायती कापूस लवकर लागतो, म्हणून मोजणीही लवकर सुरू करावी.

फोडलेली बोंडं मात्र सरीत टाकून येऊ नका, अळीसकट जाळा.