‘दाखिनाबादेस’ हे ग्रीक स्थलनाम वापरताना या चुका टाळा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या सागरी व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या छोट्या पुस्तकात, बारिगाझाच्या म्हणजे भडोचच्या पुढील प्रदेशाला ‘दाखिनाबादेस’ म्हटले आहे. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावरील लेखांत हे नाव अनेकदा येते, पण ते उतरवताना आणि समजावताना काही चुका होतात.

सर्वांत सहज होणारी चूक उच्चाराची आहे. हे नाव बहुधा इंग्रजी भाषांतरातून घेतले जाते आणि तेथील ‘सीएच’ या रोमन जोडाक्षराचा ‘च’ करून ‘दचिनाबादेस’ असे लिहिले जाते. मूळ ग्रीक लेखनात तेथे ‘खी’ हे अक्षर असून त्या काळी त्याचा उच्चार महाप्राण ‘ख’ असा होता. संस्कृत ‘दक्षिण’ऐवजी प्राकृत ‘दक्खिण’ ग्रीकांच्या कानी पडले होते, हे या एका अक्षरावरून दिसते. नाणेघाटातील सातवाहनांच्या प्राकृत लेखात ‘दखिनापठपति’ ही पदवी येते, तिच्यातही ‘ख’च आहे. ‘च’ लिहिल्याने केवळ उच्चार बिघडतो असे नाही, तर त्या काळच्या बोलीचा एक मोलाचा पुरावाच पुसला जातो.

याहून गंभीर चूक अर्थाची आहे. औरंगाबाद, अहमदाबाद अशा नावांची सवय असल्यामुळे ‘दाखिन’ आणि ‘आबाद’ अशी फोड करण्याचा मोह होतो. ‘आबाद’ हे फारसी पद असून त्यावर संपणारी आपल्याकडील गावांची नावे कित्येक शतकांनंतरची आहेत. येथे मूळ शब्द ‘दक्षिणापथ’ हाच आहे. ‘पथ’मधील ‘प’ आणि ‘थ’ ही अघोष (कंठाच्या कंपनाविना उच्चारली जाणारी) व्यंजने स्वरांच्या मध्ये घोष (कंपनासह उच्चारली जाणारी) झाल्याने ग्रीक लेखनात ‘ब’ आणि ‘द’ दिसतात, आणि शेवटचा ‘स’ हा तर ग्रीक प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आहे, स्थानिक नावाचा भाग नव्हे. इ.स. १५०च्या सुमाराच्या क्षत्रप राजा रुद्रदामनाच्या जुनागढ शिलालेखात सातवाहन राजा सातकर्णीला ‘दक्षिणापथपति’ म्हटले आहे, म्हणजे हे नाव तेव्हा राजकीय व्यवहारातही रूढ होते. पेरिप्लसकाराने मात्र अर्थ सांगताना स्थानिक भाषेत ‘दाखानोस’ म्हणजे दक्षिण एवढेच नोंदवले आहे. त्याने नावाच्या अर्ध्याच भागाची फोड दिली आहे, हे लक्षात न घेता तिलाच पूर्ण व्युत्पत्ती समजू नये.

दाखिनाबादेस हे शहर नव्हते. त्यातील दोन मोठ्या बाजारपेठांची नावे पेरिप्लसमध्ये स्वतंत्रपणे दिली आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठणा, म्हणजे पैठण, आणि तेथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगरा. तगराची जागा पूर्वी दौलताबाद, जुन्नर अशा ठिकाणी सुचवली गेली होती, पण पुरालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी ती धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे निश्चित केली आणि आज तेच मत मान्य आहे. अंतरे आणि दिशा व्यापाऱ्याच्या ठोकळ हिशोबाच्या आहेत, त्यामुळे नकाशावर पट्टी ठेवून त्या तपासणे योग्य नाही. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगराहून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचला जात असे.

आजचे ‘दख्खनचे पठार’ किंवा ‘दक्षिण भारत’ हा अर्थही सरसकट लावू नये. पेरिप्लसमध्ये दाखिनाबादेसच्या किनाऱ्यावर सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे येतात, तर मलबारच्या बाजूच्या प्रदेशाला ‘लिमिरिके’ असे वेगळे नाव आहे. पेरिप्लसमधील मजकुराविषयी लिहिताना ‘दाखिनाबादेस’ वापरावे आणि भारतीय लेखांविषयी लिहिताना ‘दक्षिणापथ’. दोन्ही एकाच वाक्यात आलटून पालटून वापरल्यास कोणत्या साधनाचा आधार घेतला आहे, हे वाचकाला कळत नाही.