जवळजवळ तयार विमानाचं उरलेलं काम

खोक्यावर लिहिलं होतं की हे रिमोटवर उडणारं छोटं विमान आठ तासांत उडायला तयार होतं. मला अकरा संध्याकाळी लागल्या. आणि माझं पहिलं एकट्याने केलेलं उड्डाण चाळीसेक सेकंदांत संपलं.

कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाचे हाताने फेकायचे ग्लायडर केले होते, त्यामुळे थोडी खुमखुमी होतीच. नोकरी लागल्यावर एआरएफ ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, घेतला. एआरएफ म्हणजे ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय, जवळजवळ तयार. लाकूडकाम झालेलं, वर रंगीत प्लास्टिकची फिल्म ताणून चिकटवलेली. आपण फक्त जोडायचं. पण जे उरलेलं असतं, त्यातच विमान पडायची बहुतेक कारणं असतात, हे खोक्यावर कुणी लिहीत नाही.

पहिलं विमान घेताना सुखोईसारखं दिसणारं घेऊ नका. ट्रेनरचा पंख धडाच्या वर असतो, दोन्ही टोकं किंचित उचललेली असतात आणि खालची बाजू जवळपास सपाट असते. असं विमान हळू उडतं आणि हातातल्या रिमोटच्या, म्हणजे ट्रान्समीटरच्या, काड्या सोडल्या तर बऱ्याचदा स्वतःच सरळ होतं. पैसे घालायचेच तर ट्रान्समीटरवर घाला. विमान गेलं तरी तो उरतो. घेण्याआधी, जो शिकवणार आहे तो कोणत्या मोडवर, म्हणजे काड्यांच्या कोणत्या मांडणीवर, उडवतो ते विचारा. मोड 2 मध्ये थ्रॉटल (मोटरचा वेग) आणि रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) डाव्या काडीवर, एलिव्हेटर (आडव्या शेपटीची, नाक वर-खाली करणारी पट्टी) आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी पट्टी) उजव्या. तुमचा मोड वेगळा असेल तर ऐनवेळी तो तुमच्या हातातून घेऊन विमान वाचवू शकणार नाही.

आता जोडणी. पंखाचे दोन अर्धे मधल्या प्लायवुडच्या पट्टीवर इपॉक्सी या दोन भाग मिसळायच्या गोंदाने जोडायचे असतात. इथे पाच मिनिटांत घट्ट होणारा नको, तीस मिनिटांचा घ्या. आधी गोंद न लावता सगळं बसवून बघा. माझी पट्टी खाचेत जाईना. ठोकून बसवली असती तर पंख आतून फुटला असता. पॉलिश पेपरने दोन हात मारल्यावर सरकली.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो शेपटीला. आडवी शेपटी धडात जिथे बसते तिथली फिल्म काढावी लागते, कारण फिल्मवर चिकटवलेली शेपटी म्हणजे फिल्मलाच चिकटलेली शेपटी, लाकडाला नव्हे. मी कटर घेतला आणि आखलेल्या रेषेवरून ओढणार, एवढ्यात आमचे काका ओरडले. हे वायुदलातून निवृत्त झालेले, आम्ही उडवतो त्या माळावर सगळ्या नवशिक्यांचे काका. "अरे, लाकूड कापशील! नेमकी तिथूनच मोडते शेपटी." त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि त्याचं टोक रेषेवरून अलगद फिरवलं. फिल्म वितळून वेगळी झाली, खालच्या बाल्सावर ओरखडासुद्धा नाही. मग शेपटी काटकोनात आहे का बघायला त्यांनी दोरा काढला. शेपटीच्या टोकापासून त्याच बाजूच्या पंखाच्या टोकापर्यंत, दोन्हीकडून. डावीकडे एक सेंटिमीटर जास्त भरला. हवेत तेवढ्यानेही विमान सतत एका बाजूला ओढत राहतं.

सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), पुशरॉड (त्यांना जोडणाऱ्या सळया), मोटर वगैरे माहितीपुस्तिका बघून होतं. मात्र बाकावर काम करताना प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, काढून ठेवा. इलेक्ट्रिक मोटर काडीच्या एका चुकीच्या धक्क्याने सुरू होते, आणि बोटांना स्पेअर पार्ट मिळत नाहीत. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट. लायपो, म्हणजे विमानाची लिथियम बॅटरी, चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्टला असतो, पण आठवडाभर उडवणार नसाल तर 3.8 च्या आसपास ठेवा, नाहीतर ती लवकर खराब होते.

दोन तपासण्या मात्र दर वेळी, कंटाळा आला तरी. पहिली तोलाची. माझ्या पंखाची पुढून मागे रुंदी 22 सेंटिमीटर, आणि तोल पुढच्या कडेपासून साडेसहा सेंटिमीटरवर हवा होता. पंखाखाली त्या खुणेवर दोन बोटं धरून उचललं तर शेपटी खाली झुकली. शिसं चिकटवायची घाई केली नाही. बॅटरी नाकाकडे सरकवली आणि जमलं. नाक जड असलेलं विमान कसंबसं उडतं, शेपटी जड असलेलं हाताबाहेर जातं. दुसरी तपासणी दिशेची. विमानाच्या मागे उभं राहा, एलेरॉनच्या काडीवर अंगठा वर करून मूठ धरा आणि उजवीकडे कलवा. अंगठा ज्या बाजूला झुकला, त्या बाजूचा एलेरॉन वर उठला पाहिजे. उलटा उठला तर ट्रान्समीटरमध्ये रिव्हर्स करा.

जागेचंही बघा. 2021 च्या ड्रोन नियमांत आपली विमानंही येतात. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळाच्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आहेत. हिरव्यातसुद्धा 400 फुटांची मर्यादा, आणि विमानतळ जवळ असेल तर त्याहून कमी. पुणेकरांनी लोहगाव विसरू नये.

आता ते चाळीस सेकंद. काकांबरोबर दोन ट्रान्समीटर जोडून सहा वेळा उडवलं होतं. त्यांनी बटण दाबून धरलं की ताबा माझ्याकडे, सोडलं की त्यांच्याकडे. सातव्या दिवशी ते आले नव्हते आणि मला धीर नव्हता. वारा समोर घेऊन विमान सुरेख उठलं. लांब जाताना सगळं सोपं वाटतं. वळून माझ्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. उजवीकडे दिसणारा पंख खाली गेला, मी घाबरून काडी डावीकडे नेली, तो आणखी खाली गेला. आणि विमान शेजारच्या शाळूत.

पीक डोक्याएवढं. सापडेना. मग मित्राला ट्रान्समीटर देऊन म्हटलं, काडी हलवत राहा. मी शाळूत कान देऊन उभा. बऱ्याच वेळाने डावीकडून सर्व्होचा बारीक किर्र आवाज आला. शेतमालक बांधावर होते. त्यांनी आधी विचारलं, "आत कोण नव्हतं ना?"

पंख रबर बँडनी बांधलेला होता म्हणून वाचला. धक्क्याने सुटून बाजूला पडला. बोल्टने आवळलेला असता तर धडासकट गेला असता. नाक तेवढं चेपलं.

काकांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "समोरून येताना डावं-उजवं आठवत बसू नको. जो पंख पडतोय त्याच्याखाली काडीचा टेकू दे." टेकू! उजवीकडे दिसणारा पंख पडला तर काडीही उजवीकडे. हे मी नंतर कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर, ट्रान्समीटर केबलने जोडून, रोज रात्री जेवणानंतर घोटलं. तिथे किती विमानं पाडली त्याचा हिशोब नाही, आणि एकालाही गोंद लागला नाही. खरं तर हे आधी करायचं होतं.

उतरवणं सगळ्यात शेवटी येतं. नवशिक्याला वाटतं, एलिव्हेटर ओढला की विमान वर राहील. कमी वेगात ओढलं तर ते थबकतं आणि एक पंख टाकून पडतं. खाली येणं थ्रॉटलने ठरवायचं, नाक थोडं खालीच ठेवायचं, आणि जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर हळूच ओढायचं. सकाळी लवकर जा. दहानंतर माळ तापतो आणि गरम हवेचे झोत छोट्या विमानाला उचलून आपटतात.

सतराव्या उड्डाणात मी एकट्याने उतरवलं. दोन्ही चाकं एकदम टेकली, विमान मुरमावरून दहा-बारा फूट सरळ धावलं आणि एका दगडाला धडकून प्रॉप मोडला. काकांनी तुकडे उचलून माझ्या हातात दिले.

"छान. आता पुढच्या वेळी चार घेऊन ये."