नॉटिंगहॅमला चाललेल्या ठाणेकरांनो, आधी मागच्या बागेत बघा

गणपतीला ठाण्यात आलेय, नौपाड्यात आईकडे. दर वर्षी आरती झाली की कुणीतरी मुलाला नाहीतर सुनेला पुढे करतं, "ही पण चाललीये हो तुमच्याकडे, जरा सांगा ना काय काय न्यायचं". यंदा ऐरोलीची एक मुलगी आहे आणि खारघरचं एक नवीन जोडपं. कुकर, गोडा मसाला, थर्मल यावर सांगणारे ढीगभर भेटतील, ते त्यांना विचारा. मी सतरा वर्षं तिथे, इंग्लंडात, राहतेय आणि बघते की आपली माणसं सप्टेंबरात घर भाड्याने घेतात, किचन बघतात, हीटिंग बघतात, मागचं दार उघडून "अरे वा, गार्डन पण आहे" म्हणतात आणि परत लावून घेतात, ते थेट मार्चला उघडतात. तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

चावी मिळाली त्याच दिवशी बागेचे फोटो काढा. कोपरे, कुंपण, झाडं, गवत किती वाढलंय ते सगळं. अ‍ॅग्रीमेंटमध्ये बाग नीट ठेवायची जबाबदारी बहुतेक तुमच्यावर असते.

आता माझा तेरडा. पहिलं वर्ष, गौरी जवळ आलेल्या, आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात, आई फोनवर म्हणाली की नाही मिळाला तर राहू दे, पण मला कुठलं राहवतंय. ट्रेंट नदीच्या काठाने चालत होते आणि समोर तेरडाच तेरडा, गुलाबी, माझ्या डोक्याच्या वर गेलेला, भुंगे आत शिरून पांढरी पाठ करून बाहेर येतायत. शेंगेला हात लावला तर फट्कन फुटली, लहानपणी येऊरला फोडायचो ना अगदी तशीच. डोळ्यात पाणी आलं हो माझ्या. चार रोपं मुळासकट उपटून आणली, गौरी बसवल्या, आणि विसर्जनानंतर टाकवेना म्हणून मागच्या बागेत ओढ्याच्या बाजूला लावली. शेंगांसकट. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून बघितलं आणि म्हणाले, "हाऊ इंटरेस्टिंग". मी खूश.

इथे एक लिहून घ्या, इंग्रज माणूस तुमच्या कुठल्याही कामाला इंटरेस्टिंग म्हणाला की हातातलं ठेवायचं आणि "का हो?" असं विचारायचं. ते आपणहून सांगत नाहीत. आमच्या गल्लीत असतं तर काकूंनी गॅलरीतूनच ओरडून सांगितलं असतं.

मी नदीवरून आणलेला तो आपला तेरडा नव्हताच, तो हिमालयन बालसम. आपल्या तेरड्याच्याच कुळातला, १८३९ साली शोभेसाठी आपल्याच बाजूहून तिकडे नेलेला, आणि आता नदीनाल्यांच्या काठी माजलाय. एक झाड शेकड्यांनी बिया टाकतं, शेंग फुटली की बी ७ मीटरपर्यंत उडतं, पाण्यात पडलं तर वाहत पुढच्या गावाला. हिवाळ्यात सगळं मरून काठ उघडा पडतो आणि माती धुपते. तो मोकळ्यावर पसरू देणं हा इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, माझ्या तेरड्याने दोन वर्षं रंग दाखवला. घर सोडताना एजंटने माणसं लावून तो काढून घेतला आणि डिपॉझिटमधून ३८० पौंड कापले, आणि तेव्हा आमच्याकडे ३८० पौंड म्हणजे काय होतं ते मलाच माहीत. म्हणून परत सांगते, नदीकाठचं काहीही उपटून घरी आणायचं नाही. गौरीसाठीसुद्धा नाही. पाच खडे आणा, खड्यांच्या गौरी चालतात. तुमच्या बागेत आधीच असेल तर फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी मेल करा, आणि शेंगा धरायच्या आत उपटा, मुळं वरवर असतात, एका हाताने येतं. शेंगा धरल्या असतील तर मात्र बागेच्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये टाकू नका.

ठाण्याहून रोपं, कंद, माती पण नेऊ नका. सर्टिफिकेट लागतं, माती तर नाहीच. अबोली नाही आली तर जीव जात नाही.

फुलांचं म्हणाल तर सप्टेंबरात बाग संपत नाही, उलट डेलिया तेव्हाच भरात येतो आणि पहिल्यांदा दंव गोठेपर्यंत फुलतो, एका रात्रीत काळा पडला की मग कंद काढायचे. सीडम असतं, जांभळे अ‍ॅस्टर असतात, आपण जांभळी नाक्यावर गणपतीत घेतो त्यांचे चुलतभाऊ, २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणावरून त्यांना मायकेलमस डेझी म्हणतात. दसऱ्याच्या तोरणाला झेंडू हवा तर तो एप्रिलमध्ये पेरायचा असतो, तेव्हा यंदा विकतच घ्या. डॅफोडिलचे कांदे सप्टेंबरात पुरायचे, ट्युलिपचे नोव्हेंबरात, मध्ये सहा महिने काही दिसत नाही. उकरून बघू नका.

सफरचंद. आपल्याला सफरचंद म्हणजे वाशीच्या मार्केटमधून आलेली पेटी, प्रत्येकावर स्टिकर. तिकडे ते कैरीसारखं घरोघर असतं आणि सप्टेंबरात लोकांना नकोसं होतं, फाटकाबाहेर टोपली ठेवतात, "घेऊन जा" अशी चिठ्ठी. ती खरंच घ्यायची असतात, लाजू नका. मात्र कुंपणावरून तुमच्या बाजूला आलेल्या फांदीवरचं फळ झाडाच्या मालकाचं असतं, विचारल्याशिवाय तोडू नका. पिकलंय का बघायला ओढायचं नाही, तळहातावर घेऊन जरा वर उचलायचं आणि किंचित पिरगाळायचं, देठासकट आलं तर तयार. मोठं, हिरवं, तोंड वाकडं होईल इतकं आंबट दिसलं तर तो ब्रॅम्ली. तो आमच्या नॉटिंगहॅमशरचाच, साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने पेरलेल्या बीमधून आला, आणि नाव मात्र पुढे ते घर विकत घेणाऱ्या ब्रॅम्ली नावाच्या खाटकाचं लागलं. आपल्याला तो कैरीच्या जागी. मेथांबा करायला जाल तर शिजून लगदा होईल, माझा दोनदा झालाय. किसून तक्कू करा, वर हिंगाची फोडणी, नवरा ओळखू शकला नाही. टिकवायचे असतील तर मार न लागलेले, डाग नसलेले निवडून एकेक पेपरात गुंडाळून थंड अंधाऱ्या जागी, एकमेकांना न चिकटता.

आपल्यातले बरेच जण घर विकत घेतलं की आधी बागेवर फरशी घालतात, दोन गाड्या लावायला. मग अलॉटमेंटसाठी नाव घालतात. अलॉटमेंट म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, पूर्ण प्लॉट २५० चौरस मीटर, आणि यादी लांब असते, तेव्हा पोचल्या आठवड्यात नाव घाला. दुधीचे फोटो टाकायला नंतर आयुष्य पडलंय.

मधमाश्यांच्या पेट्या तिथेच दिसतील. ऐरोलीची मुलगी म्हणाली, काकू मला भीती वाटते. वाटणारच, आपल्या डोक्यात टाकीखालचं आग्यामोहोळ. ही वेगळी जात, आपल्या सातेरीसारखी पेटीत राहणारी. पण पहिल्या वर्षी पेटी घेऊ नका, जवळच्या मधपाळ संघाचा हिवाळी कोर्स करा. कुणाला मदत करायला गेलात तर सप्टेंबरात हे दिसेल: पेटीच्या दाराशी मेलेल्या, ओढून टाकलेल्या माश्या. विष नाही ते, हिवाळा आला म्हणून कामकरी माश्या नरांना हाकलतात. मध काढून झालेला असतो, मग माश्यांच्या अंगावर राहणाऱ्या वरोआ किड्याचं औषध, मग माश्यांना खायला पाक. २ किलो साखरेला सव्वा लिटर पाणी, थंडी पडायच्या आत, हिवाळ्याला पेटीत साधारण २० किलो साठा लागतो. गूळ चालेल का विचारू नका, मी विचारलं होतं. गुळाने त्यांना जुलाब होतात, पांढरी साखरच. दुकानातला मध तर अजिबात नाही, त्यातून रोग येतात. आणि भिंतीवरची आयव्हीची वेल सप्टेंबरात छाटू नका, तिला ऑक्टोबरात फुलं येतात, माश्यांची ती शेवटची पंगत.

आत्ता माझी पेटी शेजारच्या प्लॉटवाल्या बाईच्या हवाली आहे. काल तिचा मेसेज, गांधीलमाश्या मध लुटायला आल्यात, दार एका बोटाएवढं केलंय. मी २० तारखेला पोचते. ब्रॅम्ली हवे असतील तर कापडी पिशवी घेऊन या, आणि खाली पडलेलं उचलायच्या आधी पायाने उलटून बघा, पोकळ सफरचंदात गांधीलमाशी बसलेली असते.