बोलेरोच्या मागून येणारा आवाज : पाना हाती घेण्यापूर्वीची तयारी

बोलेरोसारख्या गाडीचे इंजिन पुढे असले, तरी ओढ मागच्या चाकांना असते. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनची ओढ मागे नेणारा दांडा), त्याचे क्रॉस (दांड्याचे फिरते सांधे), डिफरन्शियल (ती ओढ दोन्ही चाकांत वाटणारी दातेरी चक्रांची पेटी), अॅक्सल (चाकांचा आस), बेअरिंग, ब्रेकचे ड्रम आणि कमानपाटे (लीफ स्प्रिंग) अशी सगळी मंडळी मागच्या सीटखाली एकत्र नांदतात आणि त्यांपैकी कोणाचाही आवाज सांगाड्यातून फिरून भलत्याच ठिकाणी ऐकू येतो. म्हणून पान्यांच्या पेटीआधी एक वही, एक पेन्सिल आणि मागे बसून कान देणारा घरातला एक माणूस, एवढी जमवाजमव करावी.

त्याआधी गाडी पूर्ण रिकामी करावी. जॅक, टॉमी, पाण्याचा कॅन, सीटखाली विसरलेले नारळ, सगळे बाहेर काढावे. या गाडीची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असल्याने बिजागऱ्यांवर सतत भार पडतो आणि दाराचे रबर झिजले, की खड्ड्यागणिक दार थडथडते. तेव्हा बंद दार धरून वर-खाली हलवून पाहावे आणि स्टेपनीचे नट आवळावेत. समोरासमोरच्या सीटच्या कड्यांत जुनी चिंधी कोंबावी. आमच्या गाडीला एकदा ‘क्राऊन-पिनियन गेले’, म्हणजे डिफरन्शियलमधली मुख्य दातेरी चक्रे गेली, असे निदान मिळाले होते. प्रत्यक्षात सायलेन्सरच्या टांगणीचे रबर तुटून नळी अॅक्सलवर आपटत होती.

आता चाचणी. टायरमधील हवा सारखी करून ओळखीच्या, मोकळ्या आणि सपाट रस्त्यावर गाडी न्यावी. अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना घूं-घूं चढते-उतरते का, हे लिहून ठेवावे. तसे होत असेल, तर संशय डिफरन्शियलवर जातो. ताशी 50 किलोमीटरवर इंजिन चालूच ठेवून क्षणभर न्यूट्रल करावे. घरघर तशीच राहिली, तर दोष चाकांच्या बेअरिंगचा किंवा टायरचा असण्याची शक्यता अधिक. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर येताच आवाजाचा पोत बदलला, तर टायर. गाडी हलकेच डावीकडे वळवताना घरघर वाढली, तर उजवे बेअरिंग आधी तपासावे, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. पहिल्या गिअरमध्ये गाडी हलताच एकच ‘टण्’ होत असेल, तर क्रॉस पाहावेत. खड्ड्यात फक्त कुरकुर असेल, तर कमानपाट्यांचे बुश (टोकांतली रबरी नळकांडी) आणि शॅकल (पाटे टांगणारे झुलते दुवे) पाहावेत. या नोंदी नीट झाल्या, तर निम्मे सामान आणावेच लागत नाही.

क्रॉसची तपासणी गाडी उचलण्यापूर्वीच उरकावी. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचे ठोकळे), अशा स्थितीत एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने फ्लँज (शाफ्ट जोडणारी बोल्टची चकती) धरून उलटसुलट पिळावे. क्रॉसच्या टोपणांशी तांबूस भुकटी दिसली किंवा किंचित ढिलाई जाणवली, तर क्रॉस बदलावा. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची आडवी रेघ मारून ठेवावी, नाही तर परत बसवताना तोल बिघडतो आणि आपणच एक नवा आवाज विकत घेतो.

गाडी उचलण्याच्या तयारीत हयगय नको. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. ती चाके हवेत गेली, की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी ठरतात. एकच चाक उचलले, तरी डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरू शकते, म्हणून गिअरवर विसंबू नये. तेव्हा कठीण, सपाट फरशी निवडावी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी आणि अॅक्सलखाली भार पेलणाऱ्या दोन घोड्या (लोखंडी स्टँड) ठेवूनच हात आत घालावा. विटांची चळत चालणार नाही. मग चाक वर-खाली धरून हलवावे, हाताने फिरवावे आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक अॅक्सलवर टेकवून मूठ कानाशी धरावी. खराब बेअरिंगची खरखर त्यातून स्पष्ट येते. इंजिन चालू करून चाके हवेत फिरवण्याचा मोह टाळावा. ड्रम उघडल्यास ब्रेक लायनरची भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

डिफरन्शियलचे ऑइल बदलण्यासाठी पसरट भांडे, नळीचा पंप आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे गिअर ऑइल आणावे. ऑइल भरण्याचा बोल्ट आधी सोडवून पाहावा. तो गंजून अडकलेला असेल आणि ऑइल काढण्याचा खालचा बोल्ट काढून झालेला असेल, तर गाडी कोरड्या डिफरन्शियलसह दारात उभी राहते. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणलेल्या गाडीतले कोमट ऑइल मळ घेऊन उतरते. बोटांत चोळल्यावर करडी, गंधासारखी बारीक पूड लागली, तर ती नेहमीची झीज समजावी. नखाला टोचणारे कपचे निघाले, तर काम घरचे राहिले नाही. क्राऊन-पिनियनमधील अंतर शिम (पातळ चकत्या) आणि डायल गेजने (सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या मापकाने) मिलिमीटरच्या शतांशांत जुळवावे लागते, ते अनुभवी मिस्त्रीकडेच सोपवावे. एरवी नवे ऑइल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत येऊ द्यावे, तेही गाडी सपाट उभी असताना. कमानपाट्यांचे रबरी बुश बदलले असतील, तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यानंतरच शेवटचे आवळावेत, आणि चाकांचे नट पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.